आधी सायकल

दाजींच्या जीपचा हॉर्न वर्षातून एकदाच वाजायचा, दसऱ्याला. त्या दिवशी सकाळी जीप ओढ्यावर नेऊन धुवायची, बॉनेटला झेंडूची माळ घालायची, चाकांखाली लिंबं ठेवायची, अक्कानं ओवाळायचं आणि मग दाजी स्टिअरिंगवर बसून हॉर्न एकदाच, पण चांगला लांबलचक वाजवायचे. गल्लीतली कुत्री भुंकत सुटायची. "वाजायलाय," असं समाधानानं म्हणून दाजी खाली उतरायचे आणि हॉर्न पुढच्या दसऱ्यापर्यंत गप्प व्हायचा. बरं, तो बिघडलेला असता तर मी समजू शकलो असतो. पण या माणसानं बिदरहून माणूस आणून त्याची वायर बदलून घेतली होती. वाजवायचा नाही तर दुरुस्त कशाला करता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "वस्तू हाय तर चांगली ठेवावी की."

वैजनाथ दाजी हे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गावात त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. उंचेपुरे, धोतर-शर्टातले, खांद्यावर कायम टॉवेल, आवाज असा की शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाशी आरामात बोलावं. जमीन बेताची होती म्हणून त्यांनी मिलिटरीच्या लिलावातली एक जीप घेतली आणि गाव ते कमलनगर अशी माणसं न्यायला सुरुवात केली. त्यांना मुलीच. मी मॅट्रिकला आपटून घरी बसलो तेव्हा अक्कानं निरोप धाडला, की गोविंदाला इकडे पाठवा, जीप शिकेल, पुढं तोच चालवील. मी ट्रंक घेऊन हजर झालो. वाटलं, सहा महिन्यांत आपण ड्रायव्हर. पण दाजींकडं शिकायचं म्हणजे काय, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या गावाचा रस्ता सांगितल्याशिवाय दाजी समजायचे नाहीत. कमलनगरहून येताना गावाखाली ओढा लागतो. ओढ्याकाठी एक चिंच आहे. चिंचेपासून वेशीपर्यंत खडा चढ, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, आणि रुंदी इतकीच की जीप गेली तर शेजारून शेळी जायची नाही. याच चढावरून गावातल्या झाडून सगळ्या सायकली खालीवर करायच्या. त्या काळात लग्नात नवऱ्याला सायकल मिळायची आणि मग ती सायकल बैलासारखी राबायची. दुधाचे कॅन, पेंडीची पोती, कडब्याच्या पेंढ्या, कॅरिअरवर बायको, दांडीवर पोर. असल्या सायकलीच्या मागं आमची जीप पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत चढायची. सायकलवाला वेशीत पोचेपर्यंत दाजी हॉर्न वाजवायचे नाहीत, खाकरायचेसुद्धा नाहीत. आत बसलेली माणसं घामानं भिजून जायची आणि अक्का पदरानं वारा घेत म्हणायची, "अहो, वाजवा की जरा. जेवण करायचंय मला." दाजींना काही ऐकू यायचं नाही.

त्यांचं म्हणणं एकच, आणि ते मला दिवसातून निदान एकदा तरी ऐकावं लागे. "आपण बसून जायलाव, ते पाय मारून जायलाय. इंजनला दम लागत न्हाई, माणसाला लागतो. चढावर तेला एकदा उतरवलं, की ओझ्यासकट पुन्हा चढता येत न्हाई. ढकलत न्यावं लागतंय."

बरं, मग उतरताना तरी? उतरताना तर आणखीनच तऱ्हा. सकाळी कमलनगरची आगगाडी गाठायची म्हणून माणसं जीपमध्ये कोंबून बसलेली असायची आणि दाजी वेशीत जीप बंद करून तंबाखू मळत उभे. का, तर दूधवाले खाली उतरतायत. सगळे उतरून ओढ्यापार जाईपर्यंत जीप हलायची नाही. मी चिडून म्हटलं, आता तर ते उतरतायत, त्यांना कुठं दम लागतोय? दाजींनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू माझा मॅट्रिकचा निकाल त्यांना आत्ताच कळला. "तेच्या सायकलीला बिरेक न्हाई," ते म्हणाले. "तुझ्या जीपला हाय. मग थांबायचं कुणी?"

हे मात्र खरं होतं. आमच्या गावातल्या एकाही सायकलीला धड ब्रेक नव्हता. चपलेचा तळ मागच्या चाकावर घासून लोक सायकल थांबवायचे. वेशीजवळ इस्माईलभाईंचं सायकलचं दुकान होतं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तरी लोकांना ब्रेक बसवून द्या, म्हणजे आमची गाडी चुकणार नाही. ते पंक्चर काढता काढता हसले. "अण्णा की जीप है ना गाँव में," म्हणाले, "ब्रेक कायकू होना?" म्हणजे दाजींच्या चांगुलपणानं अख्ख्या गावाला बिघडवून ठेवलं होतं. पोरं तर शाळा सुटली की मुद्दाम तिघं तिघं शेजारी लावून चढायची. एक म्हातारा मधेच थांबून विडी पेटवायचा, मागं जीप उभी आहे हे माहीत असून. दाजी त्याला विचारायचे, "काडी हाय का, का देऊ?"

एकदा एक नवे फौजदार आमच्या जीपमध्ये बसले. त्यांची गाडी कुठंतरी बंद पडली होती. माणूस कडक, मराठी अजिबात न येणारा. चढावर पुढं एक बाई कॅरिअरवर बसलेली, तिच्या मांडीवर लेकरू, आणि नवरा नाकाचा शेंडा लाल होईपर्यंत पाय मारतोय. फौजदारांनी हॉर्नकडं बोट दाखवलं. दाजी हसले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "होगली बिडरी साहेब," म्हणजे जाऊ द्या हो. फौजदारांनी पुन्हा बोट दाखवलं. दाजींनी पुन्हा तेच सांगितलं. मी मागं बसून देवाचं नाव घेत होतो, की आता परमिट जातंय. चढ संपला, बाईनं मागं वळून पदर सावरला, नवऱ्यानं हात वर केला, दाजींनीही केला. फौजदारांनी परमिट काही काढून घेतलं नाही. मात्र पुढं आमच्या जीपमध्ये पुन्हा बसलेही नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांना बोल लावत नाही.

एवढा हट्ट म्हणजे यामागं काहीतरी घडलेलं असणार, असं गावानं ठरवूनच टाकलं होतं. कुणी म्हणे तरुणपणी त्यांच्या हातून कुणी पोर चिरडलं. कुणी म्हणे त्यांचा भाऊ सायकलवरून गेला. माझाही त्यावर हळूहळू विश्वास बसला. एकदा चिंचेखाली जीपचं पाणी बदलताना मी धीर करून विचारलं, की दाजी, काय झालं होतं? त्यांना प्रश्नच कळेना. कळला तेव्हा ते माझ्यावर खरोखर संतापले.

"काय झालं न्हाई," ते म्हणाले. "काय व्हायला पाहिजे का? कुणीतरी मरावं लागतंय का आधी, तवा तुम्हाला कळणार?"

काही घडलं असतं तर मी त्यांच्याकडं दयेनं बघितलं असतं, समजून घेतलं असतं. काहीच न घडता एखादा माणूस रोज इतका हळू चालवतो, याला तोंड कसं द्यायचं तेच मला कळेना.

गाडी चालवायला त्यांनी मला चांगली शिकवली, हे कबूल केलं पाहिजे. सायकलच्या मागं किती अंतर ठेवायचं, तर तो आत्ता या क्षणी पडला तरी आपलं चाक त्याच्यापासून लांब थांबलं पाहिजे इतकं. सायकलवाल्याच्या चाकाकडं बघायचं नाही, मानेकडं बघायचं, कारण मान आधी वळते आणि सायकल मागाहून. त्यानं मागं बघून हात केल्याशिवाय पुढं जायचं नाही. जीप उभी केली की उतरण्याआधी मागून कोण येतंय ते बघायचं, मगच पाय बाहेर काढायचा. हे सगळं मी शिकलो, लायसन्स काढलं, कमलनगरपर्यंतचा सपाट रस्ता माझ्या हाती आला. चढ मात्र राहिला.

पहिल्यांदा त्यांनी चढ दिला तेव्हा पुढं शंकर नावाचा एक गृहस्थ कडब्याच्या पेंढ्या घेऊन चालला होता. त्याचा वेग असा, की गोगलगायीनं त्याला ओलांडलं असतं. मी हॉर्नला नुसता अंगठा लावला. वाजवला असं मी आजही म्हणणार नाही, एक बारीकसा आवाज निघाला इतकंच. शंकर दचकला आणि खाली उतरला. पडला नाही, लागलं नाही, पेंढीसुद्धा सुटली नाही. पण दाजींनी हात लांब करून किल्ली फिरवली. जीप बंद.

"उतर," म्हणाले. "तू उतरवलास, तू ने."

भर दुपारी, माणसांनी भरलेल्या जीपसमोर, मी शंकरची कडब्याची सायकल वेशीपर्यंत ढकलत नेली. शंकर बिचारा शेजारून चालत मलाच समजावत होता, की भाऊ राहू द्या, मी नेतो. मागून दाजी माझ्यामागं पहिल्या गिअरमध्ये, हॉर्न न वाजवता. वेशीत पोचल्यावर त्यांनी मला हातसुद्धा केला. मी त्या दिवशी जेवलो नाही. अक्का मात्र पोटभर हसली.

तेव्हापासून चढ बंद. कमलनगरहून चिंचेपर्यंत मी चालवायचो, चिंचेखाली दाजी म्हणायचे, "सरक तिकडं." मी शेजारच्या सीटवर, ते स्टिअरिंगवर. वर्षानुवर्षं. माझ्या मिशा आल्या, वाढल्या, तरी चिंच आली की मी सरकायचो. जीपमधल्या बाया तोंडाला पदर लावायच्या.

याची किंमत मी कशी मोजली ते सांगतो. राजेश्वरहून एक स्थळ आलं होतं. माणसं चांगली, मुलगीही मी एका लग्नात लांबून पाहिली होती आणि मला आवडली होती. मुलीचे वडील आणि मामा मला बघायला आले. कमलनगर स्टेशनवरून मीच त्यांना जीपमध्ये बसवलं आणि अशी झकास गाडी चालवली, की मुलीचे वडील शेजारच्या मामाला कोपरानं खुणावत होते. मी मनात नुसता जप करत होतो, की आज तरी, आज तरी. चिंच आली. दाजी मागून उतरून पुढं आले.

"सरक," म्हणाले.

मी हळूच म्हटलं, "दाजी, आज राहू द्या. पाहुणे हायत."

"पाहुणे हायत म्हून तर," दाजी म्हणाले, "पुढं बघ, कॅरिअरवर गरवार बाई हाय."

मी सरकलो. सायकलच्या मागं आम्ही चढलो. पाहुण्यांनी चहा घेतला, पोहे खाल्ले, गप्पा मारल्या आणि गेले. नंतर मध्यस्थाकडून निरोप आला, की पोरगा गाडी चालवतो असं तुम्ही म्हणाला होता, पण घरच्या माणसाचाच त्याच्यावर भरवसा नाही, आम्ही पोरगी कशी द्यावी? मी दाजींशी आठ दिवस बोललो नाही. त्यांना त्याचंही काही नाही. नवव्या दिवशी म्हणाले, "तुझं गप्प राहणं बरंय. चढावर असंच ऱ्हा."

पुढं माझं लग्न झालं, चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या लग्नाच्या वरातीतही स्टिअरिंग कुणाच्या हातात होतं आणि पुढं कोण पाय मारत होतं, हे आता सांगायला नको. वाजंत्रीवाले सायकलच्या पुढं, सायकल जीपच्या पुढं. बिचारा सायकलवाला लाजून लाल झालेला, कारण गाव त्याच्यावरही अक्षता टाकत होतं.

दरम्यान गावात दुसरी जीप आली. तिचा हॉर्न पाव्यासारखा वाजायचा आणि सायकली कडेच्या गडग्याला चिकटायच्या. जवान मंडळी सगळी तिकडं गेली. आमच्याकडं उरल्या त्या लेकुरवाळ्या बाया, म्हातारी माणसं, आणि ज्यांची स्वतःचीच माणसं सायकलवर होती ते. मी अक्काला म्हणायचो, की हा माणूस धंदा बुडवणार. अक्का म्हणायची, "बुडवणारच. मी काय नवीन सांगू का तेनला?" दोघंही त्यांच्यावर वैतागायचो आणि मी जीपवर नसलो त्या दिवशी दोघंही संध्याकाळी तिची वाट बघत वेशीत उभे असायचो.

मग एका सकाळी दाजींच्या छातीत कळ आली. अंग घामानं भिजलं. बिदरला न्यायचं ठरलं. त्यांना मागच्या सीटवर अक्काच्या मांडीवर निजवलं आणि मी स्टिअरिंगवर बसलो. वेशीत आलो, तर खाली चढावर दूधवाले उतरत होते. अक्का रडत म्हणाली, "गोईंदा, वाजव रे. वाजव." माझा हात हॉर्नवर गेला. मागून दाजींचा आवाज आला, बारीक, पण त्यांचाच.

"बिरेक कुणाला हाय?"

मी थांबलो. काय करणार. जीपमध्ये स्वतःचा नवरा तळमळत असलेली बाई रडतेय, मी स्टिअरिंगवर दात खातोय, आणि ज्याच्यासाठी घाई तोच आम्हाला थांबवतोय. दूधवाले ओढ्यापार गेले. मग मी जी जीप हाणली ती बिदरलाच थांबवली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. हे ऐकून दाजींनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही, इतकी ती चीड आणणारी होती.

दवाखान्यात ते काही दिवस होते. बरे वाटत होते. मला एकदा जवळ बोलावून म्हणाले, "उतरताना बरं थांबलास." मला वाटलं, आता तरी. आता म्हणतील, की गोविंदा, चढ तुझा. ते छताकडं बघत म्हणाले, "आता घरी जाताना, चढताना बघू."

म्हणजे परीक्षा बाकीच होती. मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि मनातल्या मनात त्यांना ज्या काही शिव्या द्यायच्या त्या दिल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते गेले.

आम्ही त्यांना त्यांच्याच जीपमधून गावी आणलं. मागं अक्का त्यांच्याजवळ बसली होती. दोघी मुलींना तार केली होती, गावात अजून कुणाला काही कळलं नव्हतं. उन्हं कलताना चिंच आली. सवयीनं माझा पाय ब्रेकवर गेला आणि मी शेजारच्या सीटकडं सरकायला अंग उचललं. सरक म्हणणारं कुणी नव्हतं. मी पुन्हा नीट बसलो, पहिला गिअर टाकला.

पुढं मारुती दूधवाला चालला होता. कमलनगरहून पेंडीचं पोतं घेऊन, दोन्ही बाजूंना रिकामे कॅन, पाठ घामानं भिजलेली. मी अंतर ठेवलं. त्याच्या मानेकडं बघत राहिलो. अर्ध्या चढावर त्यानं मान न वळवता, पाय मारता मारताच हाक दिली.

"अण्णा, आलाव व्हय? बरं वाटायलंय न्हवं आता?"

हॉर्न वाजला नाही म्हणजे स्टिअरिंगवर अण्णाच, हे त्यानं न बघता ओळखलं होतं. त्याला काय सांगावं आणि कसं सांगावं ते सुचेना. मी आरशातून अक्काकडं बघितलं. जन्मभर या चढावर "वाजवा की" म्हणणारी अक्का, तिनं दाजींच्या छातीवरचा हात काढला नाही.

"आता काय बोलू नको," ती म्हणाली. "कळलं तर उतरंल तो. ओझं हाय तेच्याकडं. वर जाऊ दे आधी."

मारुती पाय मारत राहिला. उत्तर नाही आलं म्हणून त्याला काही वाटलं नाही, आजारी माणूस, कशाला बोलेल. इतका हळू चढ मी आयुष्यात चढलो नाही. मेल्यावरसुद्धा या माणसानं मला पहिल्या गिअरच्या वर जाऊ दिलं नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायला मी स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. चढावर हात काढायचा नाही, तेही त्यांनीच शिकवलेलं.

वेस आली. मारुतीनं सायकल बाजूला घेतली, एक पाय दगडावर टेकवला, आणि नेहमीसारखा हात वर करून हसत हसत अण्णांकडं मागं वळला. मी जीप थांबवली.